टेकूघराचा दोर

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात दोर वळणारे दोन भाऊ राहत होते. एक थोरला, एक धाकटा. आईवडील लवकर गेले होते. धाकट्याला भरवण्यापासून त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापर्यंत सगळं थोरल्यानेच केलं होतं. धाकटा मनाने चांगला होता, पण मनात आलं की आधी करायचा आणि मग विचार करायचा. थोरला त्याला कधी रागवला नाही. नुसता हसायचा. हसताना त्याचा एक डोळा पूर्ण मिटायचा.

त्या गावात राजाचा माणूस यायचा तो फक्त शेतसारा न्यायला. बाकी जे काही अडेल ते गावालाच सोडवावं लागे. म्हणून गावात मंडळ्या होत्या.

एक मंडळी विहिरी उपसायची. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की ही माणसं दोराला धरून आत उतरायची, गाळ काढायची, बुजलेले झरे मोकळे करायची. त्यांचा म्होरक्या होता हैबतमामा. नाव हैबत, पण अंगाने काडी. बायको म्हणायची, यांना विहिरीत उतरायला दोर कशाला, वाऱ्यावर सोडले तरी तरंगत जातील.

दुसरी मंडळी भाकरीच्या बायकांची. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. अशा घरी या बायका पिठलं-भाकरी घेऊन जायच्या आणि घरातल्यांना दोन घास खायला लावायच्या. त्यांच्यात मोठी होती भागाआत्या. ती सगळ्या गावाची आत्या होती आणि सगळ्या गावाला बोलायची.

तिसरी मंडळी म्हाताऱ्यांची. पावसाच्या आधी हे म्हातारे एकट्यादुकट्या माणसांची घरं शाकारून द्यायचे. खाली उभं राहून कुठलं कौल फुटलंय हे सांगणारे जास्त आणि वर चढणारे कमी, पण घर गळायचं नाही.

यातल्या कुणालाही कुणी काही देत नव्हतं. मन होतं म्हणून करत होते. पण नुसत्या मनाने विहिरीत उतरता येत नाही. दोर लागतो. शिडी लागते. पन्नास माणसांचं पीठ मळायला मोठी परात लागते. आणि कधी कधी बसून भांडायला एक जागा लागते.

थोरल्याने आपली पडवी त्यासाठी मोकळी केली होती. पडवीला लागून एक खोली होती. तिच्यात दोर, शिड्या, घमेली, पितळी परात, काहिली, सतरंज्या असं सगळं असायचं. सुगीच्या दिवसांत गावकरी आपापल्या ऐपतीप्रमाणे धान्य आणून टाकायचे आणि त्यावर हे सगळं चालायचं. लोक त्या घराला टेकूघर म्हणायचे.

ज्याला जे हवं ते त्याने न्यायचं. काम झालं की आणून द्यायचं. ओलं असेल तर आधी उन्हात वाळवायचं. इतकाच तिथला नेम होता.

थोरला स्वतः कधी विहिरीत उतरला नाही, कौलांवर चढला नाही आणि भाकरी तर त्याला थापताच येत नसे. पण कुणाच्या मंडळीत माणसं कमी पडली तर कुणाला विचारावं हे त्याला ठाऊक असायचं. नवीन कुणी काही करू म्हणालं तर तो त्याला जुन्या माणसाशेजारी नेऊन बसवायचा. एकदा विहीरवाले आणि शाकारणारे म्हातारे एकाच शिडीवरून इतके भांडले की टोप्या फेकण्यापर्यंत गेलं. थोरल्याने सगळ्यांपुढे गूळपाणी ठेवलं आणि तो दोर वळायला निघून गेला. परत आला तेव्हा शिडी सकाळी कुणाची आणि दुपारनंतर कुणाची हे ठरलं होतं आणि गुळाचा खडा एक शिल्लक नव्हता.

धाकट्याला हे फारसं पटायचं नाही. एकदा तो म्हणालाच, "दादा, लोक खोल विहिरीत उतरतात आणि तू वर बसून गूळपाणी पाजतोस. तू काय करतोस मग?"

तेव्हा ते दोघं घरापुढच्या लांब वाटेवर दोर वळत होते. दोर एकट्याला वळता येत नाही. एका टोकाला वळणारा लागतो आणि दुसऱ्या टोकाला धरणारा. पीळ बसत जातो तसा दोर आखडत येतो, आणि धरणाऱ्याला त्याच्याबरोबर एकेक पाऊल पुढे यावं लागतं. लहानपणापासून धाकटा दुसरं टोक धरायचा.

थोरला म्हणाला, "आत्ता तू काय करतोयस?"

"टोक धरलंय."

"वळतोय कोण?"

"तू."

"मग सोड बघू."

धाकट्याने खरंच सोडलं. तो तसाच होता. सगळा पीळ गरगर उलगडला आणि दोराचा गुंता होऊन पडला. दुपारभर दोघं तो सोडवत बसले. थोरला हसत होता, एक डोळा मिटून. मग त्याने पुन्हा टोक धाकट्याच्या हातात दिलं आणि नेहमीचं सांगितलं, "ओढू नको, सोडू नको. आखडेल तसा पुढे ये."

त्या वर्षी चैत्रात हैबतमामाने सांगितलं की विहिरीचा दोर आता झिजलाय, देवळामागच्या मोठ्या विहिरीला नवा लागेल. ती गावातली सगळ्यात खोल विहीर. दोघा भावांनी घायपात कापला, भिजवला, झोडपला, आतला दोऱ्यासारखा वाख काढला आणि त्यातून एक दोर वळला. तसा दोर त्या गावाने आधी पाहिला नव्हता. लांब, जाड, पिवळाधमक, आणि हातात घेतला तर कुठे गाठ नाही की कुसळ नाही. शेवटचा पीळ घालून झाला तेव्हा दोर आखडत आखडत दोघं भाऊ अगदी जवळ आले होते. थोरल्याने धाकट्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा हात तापलेला होता. उन्हाने असेल, असं धाकट्याला वाटलं.

तो ताप होता. तो उतरलाच नाही. आणि थोरला गेला.

धाकट्याच्या घरी चूल पेटली नाही. भागाआत्या आणि तिच्या बायका भाकरी घेऊन आल्या. धाकटा भिंतीकडे तोंड करून बसला होता. आत्याने त्याला वळवलं, घास केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. दादा भरवायचा तसाच तो घास होता, म्हणून त्याने तो खाल्ला आणि मग खाता खाता रडला. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले, तरी त्याची चूल पेटेना, म्हणून बायका येतच राहिल्या.

पण धाकट्याने एक गोष्ट केली. त्याने टेकूघराच्या खोलीला कुलूप लावलं.

सगळ्यांत आधी भागाआत्यालाच ते कळलं. वरच्या आळीत एक म्हातारा गेला होता, माणसं पुष्कळ जमली होती आणि तिला परात हवी होती. धाकटा म्हणाला, परात मिळणार नाही. तिच्या काठाला एक पोचा होता आणि तो दादाच्या हातून पडलेला होता. ती कुणी घासली, आपटली, आणखी एक पोचा आला, तर मग दादाचा पोचा कुठला ते कसं कळणार?

आत्या म्हणाली, "बरं बाबा. भाकरी तेवढी खा, गार होतेय." आणि घरोघरच्या लहान ताटांत पीठ मळून तिने ते काम निभावून नेलं.

वैशाखात हैबतमामा आला. पडवीच्या कडेला बसला, इकडचं तिकडचं बोलला, थोरल्याची आठवण काढली, नाक पुसलं, आणि मग हळूच म्हणाला की मोठ्या विहिरीत उतरायचंय, तो दोर आमच्यासाठीच वळला होता.

"माझ्या दादाच्या हातचा शेवटचा दोर आहे तो," धाकटा म्हणाला. "तुम्ही तो दगडावर घासणार, चिखलात बुडवणार. नाही द्यायचा मला."

"अरे, पण दोर विहिरीत नाही जायचा तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा?"

"हो. देव्हाऱ्यातच ठेवीन. उठा तुम्ही."

हैबतमामा उठला. जाताना त्याने कुलपाकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली.

मग पावसाच्या तोंडावर म्हातारे आले. दर वर्षी ते सगळ्यांत आधी टेकूघर शाकारायचे, कारण शिडी तिथलीच. धाकट्याने त्यांनाही परत पाठवलं. दादा असतानाची कौलं होती ती. कुणी हात लावायचा नाही. म्हातारे म्हणाले, अरे, मागच्या बाजूचं एक फुटलंय, खालूनसुद्धा दिसतंय. धाकट्याने दार लावून घेतलं.

तो दुष्ट नव्हता. त्याला वाटत होतं की आपण दादाला सांभाळतोय. दर संध्याकाळी तो त्या कुलपाला हात लावून यायचा. आत जायचा नाही. आत गेलं की दादाचा वास यायचा, वाखाचा आणि घामाचा, आणि मग त्याला उभं राहवायचं नाही.

त्या पावसाळ्यात शिडी नसल्यामुळे गावातली तीन-चार घरं गळली. म्हातारे आपापल्या ओट्यावर बसून खोकत राहिले. दिवाळीनंतर भाकरीच्या बायका कमी झाल्या, कारण लहान ताटांत पीठ मळून मळून मनगटं दुखायला लागली आणि एकीने येणं सोडलं की दुसरीही सोडते. पडवीत बसायला कुणी येईना. शिडीवरून भांडायलासुद्धा नाही. भागाआत्या मात्र धाकट्याची भाकरी आणत राहिली. कधी कधी ती बोलायची, "भाकरी घशाखाली उतरते बरी, परात तेवढी हातून सुटत नाही." धाकटा खाली बघून जेवायचा.

पुढचा वैशाख आला. मोठ्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. वर्षाचा गाळ तसाच राहिलेला होता, पाण्याला वास येत होता, लेकरांची पोटं बिघडत होती. हैबतमामाने वाट बघायचं सोडलं. आपल्या मंडळीतली उरलेली माणसं गोळा केली, आपल्याकडे पडून असलेला जुना झिजलेला दोर घेतला आणि तो आत उतरला.

काम चांगलं झालं. गाळ निघाला. तळाचा एक दगड हलवला तसा बुजलेला झरा भळभळून मोकळा झाला. हैबतमामा खालून ओरडला की ओढा आता, पाणी आलं. वरच्यांनी ओढायला घेतलं. तो विहिरीच्या मध्यावर पोचला असेल नसेल, तेवढ्यात जुना दोर तुटला.

खाली गाळ होता म्हणून जीव वाचला. पण पाय मुरगळून सुजला, त्याच्यावर उभं राहता येईना, आणि ज्या झऱ्याला त्याने स्वतः वाट करून दिली होती त्याचं पाणी हळूहळू वर यायला लागलं. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. भिंतीतल्या एका दगडाला धरून तो थंडगार पाण्यात उभा होता.

भागाआत्या तेव्हा धाकट्याच्या दारात भाकरी घेऊन उभी होती. एक माणूस धावत आला, त्याने सगळं सांगितलं. आत्याने भाकरी खाली ठेवली.

"पोरा," ती म्हणाली, "त्या परातीनंतर मी वर्षभर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तुझं दुःख मोठं आहे ते मला दिसतंय. पण आता आणखी एका घरी मला भाकरी न्यायला लावू नकोस."

धाकटा उठला. किल्ली शोधत बसला नाही. वरवंटा उचलला आणि कुलूप फोडलं. आत अंधार होता. दादाचा वास येत नव्हता, बुरशीचा येत होता, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि तो धावत सुटला.

विहिरीवर लोक जमले होते. त्यांनी वाट करून दिली. धाकट्याने वेटोळं खाली टाकलं आणि दोर उलगडायला लागला. वरचा भाग पिवळा होता, दादाने वळला तसाच. मग थोडा करडा लागला. मग काळा. आणि मग हातात नुसता भुगा यायला लागला. मागच्या बाजूचं ते एक कौल फुटलेलं होतं, पावसाळाभर त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि बंद खोलीत ऊन नव्हतं की वारा नव्हता. अर्ध्याहून अधिक दोर कुजून गेला होता.

धाकटा तिथेच खाली बसला. भुगा मुठीत धरून बसला. त्याला वाटलं, दादा दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी आपण घालवला.

तेवढ्यात खालून हैबतमामाचा आवाज आला. थंडीने दात वाजत होते, पण आवाज त्याचाच होता. "अरे, दोर टाकताय की वर पोथी लावलीय? पाणी कमरेला आलंय माझ्या."

धाकट्याने डोळे पुसले. शेजारच्या माणसाच्या हातात कोयता होता, तो त्याने घेतला. दोराचा जो भाग चांगला होता तो आणि जो कुजला होता तो, यांच्या मध्ये त्याने बोटाने चाचपून पाहिलं. दादाच्या हातचा शेवटचा दोर होता तो. त्याने डोळे मिटले नाहीत. नीट बघून, एका घावात तोडला.

मग तो उठला आणि म्हणाला, "ज्याच्या घरी जे असेल ते आणा. कासरा, दावं, काही पण."

लोक पळाले. कुणी बैलाचा कासरा आणला, कुणी म्हशीचं दावं. एका बाईने पाळण्याची दोरी सोडून आणली आणि बाळाला काखेत मारून उभी राहिली. म्हातारे काठी टेकत आले. त्यांनी वर्षभर घरात जपून ठेवलेली सुंभाची गुंडाळी आणली. भागाआत्या कुठेतरी गेली आणि आपलं ठेवणीतलं लुगडं घेऊन आली.

धाकट्याने दादाच्या दोराच्या तोंडाचे पेड मोकळे केले. एका पेडात कासरा घेतला, एकात दावं, एकात लुगडं, आणि जिथे जे कमी पडेल तिथे पाळण्याची दोरी आणि सुंभ. पेड जमिनीवर लांब पसरले. आता पीळ घालायचा होता. तो वळणाऱ्याच्या जागी बसला आणि नेहमीच्या सवयीने त्याने मान वर करून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तिथे तो स्वतः असायचा.

"टोक धरायला कोणीतरी लागेल," तो म्हणाला.

भागाआत्याने पदर खोचला आणि टोक धरलं. मागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे म्हातारे. धाकट्याने पीळ घालायला सुरुवात केली. आत्या घाबरलेली होती, तिने सगळा जोर लावून ओढून धरलं आणि एक पेड करकरला.

"आत्या, ओढू नको," धाकटा म्हणाला. "सोडूही नको. आखडेल तसं पुढे ये."

आणि तो थांबला. ते शब्द त्याच्या तोंडून आले होते, पण आवाज दादाचा वाटला होता. इतक्या दिवसांत कुलपाला हात लावून त्याला दादा कधी इतका जवळ वाटला नव्हता. त्याने मान खाली घातली आणि भराभर पीळ घालत गेला. दोर आखडत गेला. आत्या, बायका, म्हातारे, सगळे एकेक पाऊल पुढे येत गेले, आणि शेवटी सगळे त्याच्याजवळ येऊन पोचले.

दोर विहिरीत सोडला. पाणी हैबतमामाच्या छातीला लागलं होतं. त्याने तो काखेतून घेऊन गाठ मारली. वर सगळ्या गावाने हात लावला. विहीरवाले पुढे होते, कारण कधी ओढायचं आणि कधी दम घ्यायचा हे त्यांना ठाऊक होतं. ते सांगत गेले, बाकीचे ओढत गेले.

हैबतमामा वर आला. निळा पडला होता. त्याला घोंगडीत गुंडाळलं, भागाआत्याने गूळपाणी पाजलं. दोन घोट गेल्यावर त्याने आपल्या काखेतला तो दोर पाहिला. अर्धा पिवळा, पुढे काळ्या दाव्याचा आणि तांबड्या कासऱ्याचा पीळ, आणि मध्येच लुगड्याचा हिरवा काठ.

"हे काय रे?" तो म्हणाला. "ह्याच्यात पाळण्याची दोरी पण आहे. एवढ्या म्हाताऱ्याला पाळण्यातून काढलंत होय?"

लोक हसले. धाकटाही हसला. हसता हसता रडायला लागला आणि मग कितीतरी वेळ रडत होता. हैबतमामाने घोंगडीची एक बाजू उचलली आणि त्याला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी टेकूघराची दोन्ही दारं, घराचं आणि खोलीचं, उघडी होती. धाकटा सगळं सामान अंगणात काढून उन्हात पसरत होता. म्हातारे शिडी घ्यायला आले आणि तिथेच अडकले, कारण आधी मागचं ते कौल बसवायला हवं होतं आणि ते कोणी बसवायचं यावरून त्यांचं जुंपलं. धाकट्याने त्यांच्यापुढे गूळपाणी ठेवलं आणि तो तिथून निघून गेला.

परात त्याने स्वतः डोक्यावर घेतली आणि भागाआत्याच्या घरी नेऊन दिली. आत्याने ती उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, "हा पोचा थोरल्याचा ना? राहू दे. मी दुसरीकडे पाडते." त्या दिवसापासून धाकट्याने आपली चूल पेटवली. पहिली भाकरी करपली. ती त्याने आत्याला नेऊन दिली, आणि आत्याने ती त्याच्यादेखत सगळी खाल्ली, वर एवढंही म्हणाली की थोरल्यापेक्षा बरी केलीस.

बायका पुन्हा जमू लागल्या. विहीरवाल्यांच्यात नवी माणसं आली, हैबतमामा लंगडत लंगडत वरून सूचना द्यायला लागला. पुढे डोंगरावर वणवा लागायला लागला तेव्हा गावातल्या काही पोरी पडवीत आल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वणवा विझवणारी मंडळी करायचीय, पण काय लागतं ते माहीत नाही. धाकटा म्हणाला, मलाही माहीत नाही. मग तो त्यांना डोंगराजवळच्या एका म्हाताऱ्या धनगराशेजारी नेऊन बसवून आला.

तो ठिगळाठिगळांचा दोर दाराशेजारच्या खुंटीवर असायचा. ज्याला हवा तो न्यायचा आणि वाळवून आणून द्यायचा. दर वर्षी त्याचा काही भाग झिजायचा. धाकटा झिजलेला तुकडा तोडायचा आणि नवा वाख घालून वळायचा. टोक धरायला कोणी ना कोणी असायचं.

असं पुष्कळ वर्षं चाललं. धाकट्याचे केस पिकले. एकदा वणव्याच्या मंडळीतली एक नवी पोर दोर न्यायला आली. तिने थोरल्याची गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली होती. दोर हातातून सरकवत ती शोधत होती, आणि सगळा दोर आता एकाच रंगाचा दिसत होता.

"काका," ती म्हणाली, "यातला तुमच्या दादाचा भाग कुठला?"

धाकट्याने दोराकडे पाहिलं. मग पडवीकडे पाहिलं, जिथे दोन मंडळ्या एका शिडीवरून भांडत होत्या.

"तो कामाला गेला," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा पूर्ण मिटला.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्यासाठी जे उठतात त्यांचंही टोक कुणीतरी धरावं लागतं, आणि गेलेल्या माणसाची माया कुलपात ठेवली तर कुजते, लोकांच्या हाती दिली तर ती त्यांच्या कामात राहते.